डब्यात कोण बसले होते?

श्रोतेहो, आगगाडीचे वेड पुण्याला नवे नाही. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. हेच वेड आता संगणकावरही आले आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ आला. घरी बसून खऱ्यासारखी गाडी चालवायचा हा खेळ. त्यात युरोपातली ओरिएंट एक्स्प्रेस होती, पण भारतातला एकही मार्ग नव्हता. ती उणीव आपल्याकडच्या हौशी मंडळींनी स्वतःच भरून काढली. इंजिने, डबे, मार्ग त्यांनी तयार केले आणि आज ‘ओपन रेल्स’ या मोफत सिम्युलेटरवर ते धावतात.

आमच्या कसबा पेठेतला एक तरुण १९३० सालच्या डेक्कन क्वीनचे डबे असेच घडवतो आहे. मी कवी माणूस, त्यातले तंत्र मला कुठले कळायला? पण त्याच्या शेजारी बसून पाहिले, तेव्हा पलीकडच्या तांबट आळीतले मठारकाम आठवले. ठोके चुकून चालत नाहीत, तसेच इथेही. डब्याची लांबी, उंची, चाकांमधले अंतर, वजन, ब्रेकचा प्रकार हे सगळे मोजून भरावे लागते. मग येतो रंग, आणि तिथे घोडे अडते. त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल. रंग शोधायचा तो लेखी नोंदींत.

नोंदी काय सांगतात? १ जून १९३० रोजी ही गाडी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर लालभडक पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले. वरचे डबे मात्र जी.आय.पी. रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. म्हणजे ज्या गाडीला आपण साहेबाची गाडी म्हणतो, तिचे अंग मुंबईत घडले होते. हे जुने डबे १९६६ साली गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. २२ जून २०२२ पासून ही गाडी एल.एच.बी. प्रकारच्या नव्या डब्यांनी धावते. जेवणाचा डबा मात्र आजही तिच्याबरोबर आहे.

पडद्यावर ती रुपेरी गाडी पाहून मन हरखते. तरीही मी त्या तरुणाला विचारले, ‘‘यात बसलंय कोण?’’ सिम्युलेटरमध्ये प्रवाशाच्या जागेवरून डब्याच्या आत पाहता येते. आत बाके होती, खिडक्या होत्या, माणूस नव्हता. तो म्हणाला, ‘‘काका, माणसं कोण बनवणार?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग या गाडीला जोडला गेला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे, त्यांतली जवळजवळ आठ वर्षे स्वातंत्र्यातली, थर्ड क्लासच्या उतारूला या राणीत जागा नव्हती. तो फलाटावरून तिला पाहत असे आणि आपल्या गाडीची वाट बघत असे.

त्याची गाडी कशी होती, हेही लिहून ठेवलेले आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला थर्ड क्लासने गेले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस उतारूंचा, तोही नुसता बसण्यापुरता. दोन रात्री काढायच्या, पण आडवे व्हायला फळी नाही. पुण्यापर्यंत आकडा बावीसच्या वर गेला नाही, तो आतल्या धीट उतारूंनी बाकीच्यांना थोपवून धरले म्हणून. रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. सबंध प्रवासात संडास एकदाही साफ झाला नाही. हे सारे त्यांनी वृत्तपत्रांना कळवले. पुढे ते पुस्तिकेच्या रूपानेही आले.

माझे अब्बा सोलापूरहून पुण्याला थर्ड क्लासनेच येत. डब्याच्या रंगाविषयी ते कधी बोलले नाहीत. बोलत ते लाकडी बाकाविषयी, पत्र्याच्या ट्रंकेवर बसून काढलेल्या रात्रीविषयी आणि अनोळखी बाईने बाळाच्या हाती दिलेल्या भाकरीच्या तुकड्याविषयी. १९७४ साली थर्ड क्लास हे नाव गेले. त्या डब्यांत वाढलेली पिढीही आता थोडीच उरली आहे.

म्हणून मला वाटते, जुना डबा अचूक बनवायचा तर रंग आणि मापे यांवर थांबून चालणार नाही. राणीच्या शेजारच्या रुळावर तिसऱ्या वर्गाची साधी पॅसेंजरही उभी करायला हवी. तिच्या बाकांची मापेही तितक्याच निगुतीने घ्यायला हवीत. नाहीतर उद्याच्या मुलांना वाटेल, त्या काळी सगळेच रुपेरी गाडीतून फिरत होते.

आमच्या तरुण मित्राने आता थर्ड क्लासचा डबा करायला घेतला आहे. तुमच्या घरी जुन्या प्रवासाचे एखादे छायाचित्र असेल, त्यात मागे डब्याची खिडकी किंवा बाकाची कड दिसत असेल, तर ते जपून ठेवा. आणि घरात कुणी वडीलधारे असतील, तर त्यांना आजच विचारा: तुम्ही कुठल्या डब्यात बसला होता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)