मखरातली कागदी फुलं

आमच्या इंदूरच्या घरी ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, आजोबांची संस्थानी नोकरी गेली, पण मखराची तयारी होती तशीच राहिली. श्रावण लागला की आत्या माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावायची.

सुरकुत्या उभ्या येतील अशा क्रेप कागदाच्या पाकळ्या कापायच्या, अंगठ्यांनी मधोमध ताणून खोलगट करायच्या, कडा विणकामाच्या सुईवर वळवायच्या. मग एकेक पाकळी दोऱ्याने तारेला बांधून देठाला खळीने हिरवा कागद चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पावसाळी हवेत पाकळ्या मलूल होतात, म्हणून शेवटी पातळ मेणात बुडवून काढायची.

आत्या बालविधवा. हळदीकुंकवाला बायका जमल्या की ती स्वयंपाकघरातच थांबायची. मखराचं कौतुक झालं की आई मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "सगळं वन्संनी केलंय हो!" आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबायचा.

तिचे दोन गुलाब अजून पेटीत आहेत. मखरात आम्ही आधी तेच लावतो, मग बाजारातली फुलं.

तुमच्याकडे फुलं कोण करायचं? आत्या, काकू, आजी, जी कोणी असेल तिच्याबद्दल लिहा.