पत्त्यांच्या डावातील प्रत्यक्ष आघात

मराठी पत्तेबाजाच्या भाषेत हुकूम मारला जातो, पान कापले जाते, हात केला जातो. आघात होतो तो पानावर, खेळणाऱ्यावर नव्हे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफाही यास अपवाद नाही. १२० पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतची पाने, शिवाय निम्म्या रंगांत अंकांचा क्रम उलटा. एवढा गुंतागुंतीचा व्यवहार अखेर पानाने पान जिंकण्याचाच होय.

बोरिवली-मुलुंडच्या घरांतून सुट्टीत रंगणारा झब्बू मात्र निराळ्या जातीचा. उतारीचा रंग हाती नसलेला खेळाडू भलतेच पान टाकतो आणि उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याचे, त्यास पडलेली सारी पाने उचलावी लागतात. येथे वाक्यरचनाही पालटते. ‘अमक्याला झब्बू दिला’ या प्रयोगात संप्रदानाच्या जागी साक्षात माणूस येतो. तथापि हा घाव भरून येणारा आहे. लादलेली पाने पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतात.

व्यक्तीवरील आघातास निश्चित, मोजता येणारी मर्यादा घालणारा एक खेळ १९९३ साली अमेरिकेत विक्रीस आला. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात खेळाडू हा मांत्रिक असून त्याचे आयुष्य २० अंकांचे असते. मंत्रासाठी लागणारी शक्ती, म्हणजे ‘माना’, भूमीच्या पानांतून मिळते आणि सामान्यतः पाळीगणिक एकच भूमी मांडता येते. पहिल्याच संचात पाच रंगांची पाच पाने एका मापाने आखलेली होती: खर्च एक माना, लाभ तिनाचा. तांबडे ‘लायटनिंग बोल्ट’ तीन अंकांचा आघात करी, पांढरे ‘हीलिंग साल्व्ह’ तीन अंक भरून काढी. अंकगणिताने दोन्ही तुल्यच. खेळात मात्र बोल्टची योग्यता फार मोठी ठरली, आणि ते यथायोग्यच होते. उपचाराने डाव लांबतो, आघाताने तो संपत येतो. शिवाय बोल्ट समोरच्या प्राण्यावरही टाकता येतो.

सात बोल्ट म्हणजे २१ अंक. परंतु स्पर्धांच्या नियमांनी एका पानाच्या चारच प्रती ठेवण्याचे बंधन घातले. चार बोल्टांचे १२ अंक होतात. उरलेले आठ आणावयाचे कोठून? आक्रमक तंत्राचा खरा इतिहास या आठ अंकांचा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

त्याचे उत्तर १९९६ मध्ये अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत दिसून आले. जे श्नायडर यांनी रचलेला तांबडा संच घेऊन पॉल स्लाय तेथे दुसरे आले, आणि त्या जातीच्या संचांस पुढे ‘स्लाय’ हेच नाव पडले. त्यात रुबाबदार पाने जवळजवळ नव्हतीच. ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’ हा दोन मानांचा, दोन बळाचा प्राणी घ्या. दोन वा अधिक बळाच्या शत्रूस तो अडवू शकत नाही, म्हणून लोक त्यास हिणवीत. पण हे वैगुण्य केवळ बचावाचे. ज्यास बचाव करावयाचाच नाही त्यास ते जाणवणार तरी कसे? प्रत्येक पाळीस हाती असलेला सर्व माना खर्ची पडावा, अशा बेताने स्वस्त पानांचे प्रमाण बसविणे ही श्नायडर यांची मुख्य दृष्टी. स्वस्त प्राण्यांनी आरंभीचे अंक घ्यावयाचे, शेवटचे अंक बोल्टसारख्या मंत्रांनी. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्पर्धेत डेव्हिड प्राइस यांनी अशाच एकरंगी तांबड्या संचाने अजिंक्यपद मिळविले.

यानंतर प्रश्न पडला तो दोन आक्रमक संच समोरासमोर आल्यावरचा. मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ मधील एका लेखात त्याची मीमांसा केली: सारख्या संचांतही एकाने बचावाची भूमिका पत्करावी लागते, आणि आपली भूमिका चुकीची ओळखणारा बहुधा हरतो. अशा डावात हातचा बोल्ट प्राण्यावर टाकावा की माणसावर, हे पानावर लिहिलेले नसते.