'कोंकण डान्स'चं कूळ

अमान्सिओ डिसिल्वा या गोवेकर गिटारवादकाचा 'कोंकण डान्स' हा अल्बम सत्तरच्या दशकात लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि प्रकाशित झाला थेट 2006 साली. वादकाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. जॅझ आणि हिंदुस्थानी संगीताच्या मिलाफाची वंशावळ मांडणारे बहुधा लंडनपासूनच सुरुवात करतात. त्याला आधारही आहे. सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट आणि कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर यांचा 'इंडो-जॅझ सूट' 1966चा. तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर (ही नावं आपल्याकडे किती जणांना ठाऊक असतील?), आणि बासवर रिक लेअर्ड, जो पुढे जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेला. एवढा सरळ धागा हाती असताना डिसिल्वालाही त्यातच ओवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही.

'इंटिग्रेशन' आणि हॅरिअटबरोबरचा 'हम दोनो' हे डिसिल्वाचे दोन्ही अल्बम 1969चे, आणि दोन्हींत ना सतार आहे ना तबला. मेयरांचा कित्ता गिरवायचा असता तर ही वाद्यं आधी आली असती. इथे मात्र सारा भार गिटारच्या स्वरावलीवर आहे. 1972च्या 'ड्रीम सीक्वेन्स'मध्ये सतार आली हे खरं, पण ती आली त्याची स्वतःची बोली घडल्यानंतर. ही बोली घडली मुंबईत. तो तिथे 1936 साली जन्मला आणि लंडनला गेला तो 1967 साली. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून आलेले वादक मुंबईत दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत, रात्री हॉटेलच्या बँडमध्ये. रागातली चाल कानाने टिपायची, कागदावर उतरवायची, तिच्याखाली हार्मनी रचायची, हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्यातलेच एक, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये सेंट झेवियर्सच्या आवारात रागांवर आधारलेल्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, 'सूट'च्या आठ वर्षं आधी. त्या कार्यक्रमाने डिसिल्वा घडला, असा माझा दावा नाही. शिवाय 1959च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमनंतर जॅझ एकाच स्वरसप्तकात रेंगाळायला सरावला नसता, तर ही कारागिरी त्यात इतकी सहज मुरली नसती.

यावर एक आक्षेप शहापूर-मुरबाडकडून येऊ शकतो, आणि तो वाजवी आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे तालुकेही कोकणच. मग शीर्षकातल्या कोकणात वारली पाड्यावरचा तारपा कुठे आहे? वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडपानांचा भोंगा. वाजवणारा श्वास तुटू देत नाही आणि फेर त्याच्या सुरावर पावलं बदलतो. एका स्वराला धरून राहण्याचं याहून जवळचं उदाहरण कुठलं? तरीही तारपा या कुळात बसत नाही, आणि माझं म्हणणं खरं ठरतं ते इथेच. जमिनीच्या नात्याने हे संगीत जन्मलं असतं, तर शहापूरजवळच्या आसनगावहून लोकलने येण्याजोगं हे वाद्य गोव्याच्या व्हायोलिनआधी मुंबईच्या स्टुडिओत पोचलं असतं. पण तिथे शिरकाव नोटेशन वाचणाऱ्याला होता, आणि तारप्याची चाल बापाकडून पोराकडे कानानेच जात राहिली.