स्टेशनावरचीं मुलें व पाण्याखालचीं गांवें

ज्युबिलीच्या स्मरणिकेकरितां आपल्या भागाचा कांहीं इतिहास लिहून द्यावा, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम मी बाप्तिस्म्याचीं जुनीं पुस्तकें काढून बसलों. त्यांत मुलाचें नांव असतें, आईबापांचें नांव असतें, गांव असतें, दिवस असतो. परंतु दोनचार दिवस तीं पानें उलटल्यावर मनांत असें येऊं लागलें कीं, ज्यांचें नांव कोणत्याच पुस्तकांत नाहीं अशा कांहीं मुलांचा इतिहासही आपल्या या भागाशीं गुंतलेला आहे, आणि तो सांगावयास दुसरें कोणी बसलेलें दिसत नाहीं. देवळाची घंटा कोणीं दिली, पहिला क्रूस कोठें रोवला, हें जाणत्या मंडळींनीं दुसरीकडे लिहिलेंच आहे. तेव्हां वाचकांनीं क्षमा करावी; मी निराळ्या वाटेनें जातों.

आपला मुलूख वैनगंगेचा. पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द हें नांव एके काळीं तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. २२ एप्रिल १९८८ रोजीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें तेथें धरणाची कोनशिला बसली, आणि तें नांव वर्तमानपत्रांत गेलें. सुमारें साडेअकरा किलोमीटर लांबीचा बांध, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प; २००९ सालीं तर तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. धानाला पाणी लागतें, हें मला शेतकऱ्याच्या पोराला कोणीं सांगावयास नको. म्हणून धरण असावें कीं नसावें या वादांत मी शिरत नाहीं. भंडारा व नागपूर या दोन जिल्ह्यांतील ८० हून अधिक गांवें जलाशयाच्या कक्षेंत आलीं, आणि तेथील माणसें नव्या गांवठाणांत गेलीं, एवढेंच येथें ध्यानांत ठेवावयाचें. गांवठाणांत रस्ते सरळ असतात, भूखंडांस क्रमांक असतात. पण नदीच्या डोहावर जाळें टाकून पिढ्यान् पिढ्या जगलेल्या धिवरास भूखंडाचा क्रमांक काय खावयास घालणार? बाप वीटभट्टीवर जातो, आई कापूस वेंचावयास जाते, आणि मूल कधींकधीं स्टेशनावर जातें.

२०१२ च्या हिंवाळ्यांतील गोष्ट. मी नागपूर स्टेशनावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत होतों. ही जुनी दगडी इमारत १९२५ सालीं उघडली. मुंबई–हावडा आणि दिल्ली–मद्रास असे दोन थोर लोहमार्ग येथें एकमेकांस ओलांडतात, म्हणून चारी दिशांचीं मुलें येथें उतरतात आणि चारी दिशांस येथून नाहींशीं होतात. फलाटावर दहाअकरा वर्षांचा एक पोरगा रिकाम्या बाटल्या गोळा करीत होता. त्याच्या बोलण्यांत आपल्या बाजूचा हेल ऐकला आणि मीं त्याला जवळ बोलाविलें. चहा आणि दोन टोस घेऊन दिले. गांव विचारलें. त्यानें वैनगंगेकाठचें एक नांव सांगितलें. "घरीं कां जात नाहींस?" असें विचारतां तो सहज म्हणाला, "गाव पान्यात गेला जी." इतवारीहून भिवापुरावरून नागभीडला जाणारी छोटी गाडी तेव्हां चालू होती (ती २०१९ सालीं बंद पडली), तिच्यांत बसून तो आला होता.

मीं त्यास हातीं धरून स्टेशनांतील अधिकाऱ्यांच्या मेजापाशीं नेलें. त्यांनीं नांव लिहिलें, बापाचें नांव लिहिलें, गांव विचारलें. पोरानें तेंच जुनें गांव सांगितलें व तें लिहिलें गेलें. तें गांव आतां त्या जागीं नाहीं, हें मला ठाऊक होतें. त्याची वस्ती कोणत्या गांवठाणांत गेली, हेंही अर्धेंमुर्धें ठाऊक होतें. पण माझ्या गाडीची घोषणा झाली आणि मी निघालों.

मीं केलें तें कायद्याला धरूनच होतें. अशा मुलाला चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें उभें करावें असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. तरीही त्या रात्रीं काय चुकलें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

घर सुटलेल्या मुलांचे तांडे आपल्या भागास नवे नाहींत. भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता, त्या काळीं १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दारुण दुष्काळ एकामागून एक आले. पहिल्या दुष्काळांत पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत हिंडल्या आणि उपाशी मुली व तरुण विधवा यांस शेंकड्यांनीं पुण्याकडे व पुढें केडगांवला घेऊन गेल्या. त्या आपल्या सभेच्या नव्हत्या. पण दुष्काळांत आईबाप गमावल्याचें दुःख त्यांनीं स्वतः भोगलें होतें, आणि मुलीला नांव विचारण्याआधीं जेवावयास घालावें, हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

सरकारचा मार्ग निराळा होता. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटास असा अधिकार दिला कीं, दहा ते अठरा वर्षांच्या पोरक्या किंवा किरकोळ गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलास एखाद्या कारागिराकडे बांधून द्यावें. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली. नंतर १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आले; १९२४ सालीं मुंबई इलाख्यानें आणि १९२८ सालीं आपल्या मध्यप्रांतानें मुलांचा स्वतंत्र कायदा केला. मुलाला मोठ्या कैद्यांच्या तुरुंगांतून बाहेर काढलें, हें त्या कायद्यांचें मोठें श्रेय होय आणि तें नाकारूं नये. मात्र उपाशी मूल आणि चोर मूल हीं दोघेंही पुष्कळ काळ एकाच दारानें आंत घेतलीं जात होतीं, आणि त्या दाराला बाहेरून कडी होती. मुंबईचीं मुलें डोंगरीच्या बालगृहाचें नांव काढलें कीं पळत सुटत. त्याचें कारण एवढेंच. १९८८ सालीं मीरा नायर यांनीं 'सलाम बॉम्बे!' या चित्रपटांत रस्त्यावरच्याच मुलांकडून कामें करवून घेतलीं, तेव्हां ती कडी साऱ्या जगानें पाहिली.

आतां युरोपांतील एक गोष्ट सांगतों. संत जॉन बॉस्को यांचें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर आहे. पण भिंतीवर गेलेल्या संताचे हाल आपण विसरतों. १८४१ सालीं ते धर्मगुरू झाले आणि तुरिन शहरांतील तुरुंगांत जाऊं लागले. तेथें बारा ते अठरा वर्षांचे धडधाकट पोरगे पाहून त्यांचें काळीज हाललें. शहर वाढत होतें, आणि डोंगराळ खेड्यांतून मुलें गवंड्यांच्या हाताखालीं राबावयास येत होतीं. काम संपलें कीं त्यांना घर नाहीं, ओळख नाहीं. त्यांना घेऊन डॉन बॉस्को वर्षानुवर्षें जागा शोधीत फिरले. मुलांच्या गोंगाटाला कंटाळून लोक त्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे हुसकीत. शेवटीं १८४६ च्या ईस्टरला व्हाल्डोक्को येथें एक ठेंगणी पडवी मिळाली.

त्यानंतर एके रात्रीं त्यांनीं कांहीं बेघर पोरांस गवताच्या माडीवर निजविलें. सकाळीं पाहतात तों चादरी गेलेल्या, घोंगड्या गेलेल्या. पुढें पुढें तर खालचें गवतसुद्धां कोणी विकून आलें! आपल्या धर्मग्रामांत असें घडतें तर काय झालें असतें? सभा भरली असती, ठराव झाला असता, आणि दाराला कुलूप लागलें असतें. पण १८४७ च्या मे महिन्यांत पावसानें चिंब भिजलेला एक पोरका मुलगा दारीं आला. डॉन बॉस्को यांच्या विधवा आई मार्गरेता यांना भांड्यांची काळजी वाटली व त्यांनीं ती बोलूनही दाखविली. तरी विटांवर फळ्या टाकून त्यांनीं त्याला स्वयंपाकघरांतच अंथरूण घालून दिलें, आणि निजण्यापूर्वीं त्याच्याशीं चार शब्द प्रेमानें बोलल्या. सालेशियन घरांतील रात्रीच्या निरोपाचें मूळ त्या चार शब्दांत आहे, असें सांगतात. पुढें १८५१–५२ सालीं डॉन बॉस्को यांनीं मुलांना कामाला लावतांना मालकांशीं लेखी करार केले. मुलाला धंदाच शिकवावा, घरगडी करूं नये. रविवार मोकळा ठेवावा. चूक झाल्यास शब्दानें सांगावें, मारूं नये. आमच्याकडील १८५० चा कायदा आणि तुरिनमधील हे करार यांच्यांत जेमतेम दोन वर्षांचें अंतर आहे. दोहोंचा विषयही एकच, उमेदवारी! एकांत मूल बांधलें जातें, दुसऱ्यांत मालक.

ही पद्धत मुंबईस पोहोंचावयास पुष्कळ काळ लागला. १९६२ सालीं अंधेरी येथें एका स्पॅनिश जेसुइट धर्मगुरूनें 'स्नेहसदन' सुरू केलें, आणि नंतर फादर प्लासिडो फोन्सेका यांनीं दीर्घ काळ तें वाढविलें. मोठा आश्रम, लांब जेवणघर, ओळीनें खाटा, असा प्रकार तेथें नव्हता. साधीं घरें, प्रत्येक घरांत एक दांपत्य, आणि त्यांच्याबरोबर विसेक मुलें. शाळेंत जावयाचें तें शेजारच्या मुलांबरोबर. स्टेशनावरून आलेल्या पोरास तेथें आई व बाप असे दोन शब्द पुन्हां उच्चारावयास मिळाले. वडाळ्याला १९८७ सालीं सालेशियन मंडळींनीं असाच निवारा उघडला. १९९६ मध्यें जेरू बिलिमोरिया यांनीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें १०९८ ही टेलिफोनची सेवा काढली, आणि 'दस नौ आठ' हा आंकडा फलाटावरच्या मुलांच्या तोंडीं बसला. २०२३ पासून ही सेवा सरकारनें आपल्या हातीं घेतली आहे. २००० आणि २०१५ च्या कायद्यांनीं काळजीची गरज असलेलें मूल व गुन्ह्यांत सांपडलेलें मूल यांचीं दारेंही वेगळीं केलीं. म्हणजे १८५० पासून पाहतां पुष्कळ मजल मारली गेली आहे, यांत शंका नाहीं.

तरीही या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती म्हणजे मुलाला परत पाठवावयास कोठें तरी घर आहे. कायदा प्रथम तें घर शोधावयास सांगतो. घर शोधावयाचें तर गांवाच्या नांवावरून. आणि आमच्या गोसीखुर्दच्या पाण्यानें नेमकें नांव आणि जागा यांची फारकत केली. मूल बोलतें तें जुनें नांव. तें खोटें बोलत नसतें.

तीन आठवड्यांनीं मीं नागपुरास चौकशी केली. पोराला एका बालगृहांत ठेविलें होतें. त्याच्या गांवीं पत्र गेलें, आणि पत्ता लागत नाहीं म्हणून तें परत आलें. पोरानें खोटें गांव सांगितलें असा शेरा पडला. नवव्या दिवशीं तो भिंतीवरून उडी टाकून निघून गेला. मी बालगृहास दोष देत नाहीं. जें सांगावयास अर्धें मिनिट पुरलें असतें, तें मीं सांगितलें नव्हतें.

नंतर मी गांवठाणांत गेलों. दुसऱ्या फेरींत घर सांपडलें. टिनाची खोली होती; आईबाप भट्टीवर गेलेले, आजी दारांत बसलेली. नातू मामाकडे आहे अशी तिची समजूत होती. मीं झालें तें सर्व सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "पोट्टा जेवला होता का जी त्या दिवशी?" चहा आणि दोन टोस, एवढेंच मला सांगतां आलें. तो पोरगा पुढें कोठें गेला याचा शोध मला लागला नाहीं. आजी आतां नाहीं.

त्या वर्षापासून मीं एक वही ठेविली आहे. डाव्या बाजूस पाण्याखालीं गेलेल्या गांवाचें नांव, आणि उजव्या बाजूस तेथील माणसें ज्या गांवठाणांत गेलीं त्याचें नांव. ती मीं अनेकांस विचारून, कधीं बैलबाजारांत तर कधीं मयतीच्या घरीं बसून भरीत आणली आहे. तिची एक प्रत नागपूरच्या स्टेशनावर त्या मेजापाशीं देऊन ठेविली आहे, व अधिकारी बदलला कीं पुन्हां नवी नेऊन देतों. पवनी, कुही व भिवापूर या बाजूंचीं बहुतेक गांवें तींत आलीं आहेत. परंतु लहान टोल्या व रिठीं गांवें यांचीं नांवें अजून पुष्कळ राहिलीं आहेत, आणि तीं सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. आपल्यापैकीं ज्या वडीलधाऱ्यांस अशीं नांवें आठवत असतील, त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर मला भेटावें. देवळाच्या मागच्या खोलींत वही टेबलावर असते. नुसतें टोलीचें नांवही चालेल. मुलें पुष्कळदां तेवढेंच सांगतात.