श्वासाची वाट आणि हैदराबादचा क्लोरोफॉर्म

काही वर्षांपूर्वी माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि म्हणाल्या, "काका, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा." ऑपरेशन पोटाचे, मग घसा कशाला बघायचा? मी डॉक्टर नव्हे; जुने अहवाल चाळायची सवय तेवढी आहे. उत्तर शोधत निघालो तो थेट निजामाच्या हैदराबादेत पोहोचलो. आमचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, त्यामुळे कुतूहल वाढले.

गोष्ट सुरू होते ब्रिटनमध्ये. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने नोव्हेंबर १८४७मध्ये क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी भूल दिली असता दगावली. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली होती. सिम्पसन म्हणाला, ती त्या पाण्या-ब्रँडीने गुदमरली. लंडनचा जॉन स्नो म्हणाला, क्लोरोफॉर्मची वाफ फार तीव्र झाली आणि हृदय बंद पडले. श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद पुढे अनेक दशके चालला.

हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन होता एडवर्ड लॉरी. एडिंबरोत सर्जन जेम्स साइमच्या हाताखाली तो शिकलेला. गुरूची शिकवण अशी, की भूल देताना नाडी नव्हे, श्वास बघा. हे सिद्ध करण्यासाठी १८८८मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका काढली, तेव्हा तज्ज्ञ पाठवण्यासाठी निजामाने १,००० पौंड देऊ केले. त्यातून लॉडर ब्रंटन आले आणि १८८९मध्ये दुसरे कमिशन झाले. शेकडो जनावरांवर, विशेषतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय मागून.

हा निष्कर्ष पुरा पडला नाही. १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले, की भूल हलकी असतानाच क्लोरोफॉर्मने हृदयाची लय एकाएकी बिघडते आणि ते थांबते. श्वासावर नजर ठेवून हा मृत्यू टळत नाही. म्हणजे नाडीकडे पाहू नका, हा लॉरीचा हट्ट धोक्याचा होता. हॅनाच्या बाबतीतही आज बहुतेक अभ्यासक स्नोच्या बाजूने झुकतात.

मग हैदराबादचा खटाटोप वाया गेला का? मला तसे वाटत नाही. कमिशनच्या सूचना वाचताना मी थबकलो. रुग्णाच्या मानेवर, छातीवर, पोटावर घट्ट कपडा नको. श्वास अडखळला तर खालचा जबडा पुढे ओढा, इतका की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यावेत. यामागे शरीररचनेचे साधे ज्ञान आहे. भूल चढली की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात, उताण्या माणसाची जीभ मागे घशावर पडते, आणि श्वासनलिकेच्या तोंडावरची झडपही वाट अडवते. जीभ जबड्याला बांधलेली असल्याने जबडा पुढे आला की जीभ उचलली जाते. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडला. ही युक्ती आजही प्रत्येक भूलतज्ज्ञाला शिकवतात.

वाट मोकळी ठेवायला नळीही आली. १८७८मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेनने गळा न कापता, तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून शस्त्रक्रिया केली. पण जीभ मोठी, तोंड अरुंद असेल तर नळी घालायला श्वासनलिकेचे तोंडच दिसत नाही. मूळचे आंध्रचे, बॉस्टनला काम करणारे डॉ. मल्लमपट्टी यांनी १९८५मध्ये सुचवले की आधीच जीभ बाहेर काढायला लावा आणि पडजीभ कितपत दिसते ते पाहा. बाईंनी माझी तीच तपासणी केली होती.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी आधी माझ्या बोटाला नाडी दाखवणारी चिमटी लावली, मग तोंडावर मास्क धरला. स्नो आणि लॉरी यांची मते ज्यावरून वेगळी होती, त्या दोन्ही गोष्टींवर त्यांची एकाच वेळी नजर होती. चूक नेमकी तेवढीच झाली होती: एकाकडे पाहायचे म्हणून दुसरीकडे डोळे मिटले गेले.