रुजू झाल्यानंतरचे सहा आठवडे

शिक्षिकेच्या सेवापुस्तकात बाळंतपणाच्या दोन तारखा सापडतात. रजेवर गेल्याची आणि पुन्हा रुजू झाल्याची. मधल्या दिवसांचा हिशोब चोख असतो, कारण पगार त्यावर अवलंबून असतो. रुजू झाल्यानंतर त्या बाईचं आणि तिच्या बाळाचं काय झालं, हे लिहायला तिथे रकानाच नाही.

प्रसूती रजेचा इतिहास सापडतो. कायदे आहेत, सभागृहांतली भाषणं आहेत, कोर्टाचे निकाल आहेत. तान्हं बाळ घरी ठेवून वर्गात परत येण्याचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. तो इथे जुळवून बघतेय. मी स्वतः त्यातले सहा आठवडे भोकरदन तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत काढले आहेत.

सुरुवात विधवांपासून करावी लागते. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 साली सुरू झालं. धोंडो केशव कर्व्यांची संस्था 1896 साली निघाली आणि 1900 मध्ये हिंगण्याला गेली. तिथे शिकून पुढे शिकवू लागलेल्या अनेकजणी विधवा होत्या. बाईने घराबाहेर पडून शिकवायचं तर ती नवऱ्याच्या संसारात नसलेली बरी, असा समाजाचा न बोललेला हिशोब होता. त्यामुळे शिक्षिकेच्या बाळंतपणाचा प्रश्न समोर येतच नव्हता. पण विधवेलाही मूल असतं. हिंगण्यात शिकून तिथेच काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले वैधव्य आलं तेव्हा एका लहान मुलाच्या आई होत्या. संस्थेच्या इतिहासात त्यांनी गोळा केलेला निधी आणि त्यांचा अमेरिकेचा प्रवास ठळकपणे येतो. मूल आणि काम यांची रोजची सांगड त्यांनी कशी घातली असेल, हे आपण फारसं विचारत नाही.

हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत टाळताच येत नाही, त्या ताराबाई मोडक. जन्म 1892, मुंबई. 1914 साली पदवीधर झाल्या, लग्नानंतर अमरावतीला गेल्या. संसार टिकला नाही. लहानग्या प्रभाला घेऊन त्या राजकोटला आल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात हिंदी बाईला अशी जागा मिळणं मोठीच गोष्ट होती. तरी त्या तिथे फार दिवस राहिल्या नाहीत. आपल्या मुलीला कसं शिकवावं याचा शोध घेताना त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या बालमंदिराची माहिती मिळाली, आणि 1923 साली त्या प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या. शिक्षिकांना घडवणाऱ्या कॉलेजची खुर्ची सोडून त्या लहान मुलांसोबत जमिनीवर बसायला गेल्या. राजकोटमधलं त्यांचं ते थोडक्या दिवसांचं शिकवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आईपणामुळे त्यांचं काम थांबलं नाही, त्याला दिशा मिळाली.

त्याच सुमारास जग रजेचे आठवडे मोजायला शिकत होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1919 साली, आपल्या पहिल्याच परिषदेत, मातृत्व संरक्षणाचा करार केला. त्यात 12 आठवड्यांची रजा होती आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास होता. म्हणजे परत येणाऱ्या आईचा विचार शंभर वर्षांपूर्वी झाला होता. मुंबई विधिमंडळात 1928 च्या जुलैमध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता, शाळेतल्या नाही. शिवाय जालना तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं, निजामाच्या राज्यात होतं. इथवर तो कायदा पोहोचतच नव्हता.

शिक्षिकांच्या बाबतीत पुढारलेले म्हणवणारे देशही मागेच होते. ब्रिटनमध्ये लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडायला लावण्याची प्रथा 1944 च्या शिक्षण कायद्याने संपवली. आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षिकांवरची अशी बंदी उठायला 1958 उजाडलं. अमेरिकेत क्लीव्हलंड शहराच्या शाळांमध्ये तर गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधीच घरी बसायचं आणि मूल तीन महिन्यांचं होईपर्यंत परतायचं नाही, असा नियम होता. जो कॅरोल लाफ्लर ही शिक्षिका त्याविरुद्ध लढली आणि 1974 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. आपण रजा मिळावी म्हणून भांडत होतो, ती रजा लादू नये म्हणून भांडत होती. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : बाईने वर्गात कधी उभं राहायचं, हे ठरवणार कोण?

आपल्याकडे 1961 साली केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला. त्यात 12 आठवडे रजा आणि मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका राज्याच्या सेवानियमांखाली येतात. तिथे आमच्या आधीच्या पिढीला 90 दिवस मिळायचे. 2009 साली महाराष्ट्राने ते 180 केले. 2018 मध्ये बालसंगोपन रजाही आली, संपूर्ण सेवेत मिळून 180 दिवस. हे सगळं मिळालं म्हणूनच मी आज हे लिहू शकतेय.

माझे 180 दिवस मार्च 2019 मध्ये संपले. दुष्काळाचं वर्ष होतं, गावात टँकर येत होता. शाळा सकाळची झाली होती. जालन्याहून सहाची काळी-पिवळी धरायची, म्हणजे बाळाला पाचला पाजायचं. परत घरी यायला एक वाजायचा. मधे आठ तास.

शाळेत आम्ही दोघं शिक्षक, चार वर्ग, 43 मुलं. सहा महिने सरांनी एकट्याने चारही वर्ग सांभाळले होते. मी गेल्या दिवशी त्यांनी खडूचा डबा पुढे केला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पहिली-दुसरी आजपासून तुमची.’’ त्या आवाजात तक्रार नव्हती, सुटका होती. अशा माणसाला दिवसातून दोनदा ‘मी अर्धा तास जाऊन येते’ कसं सांगणार? आणि जायचं तरी कुठे? बाळ जालन्यात सासूबाईंकडे.

दहाच्या सुमारास पदर ओला व्हायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी मला स्वयंपाकाच्या खोलीत नेलं, हातात एक वाटी दिली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दूध पिळून काढायचं आणि मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायचं, असं रोज चाललं. ज्या गावात पाण्याचा हंडा जपून वापरत होते, तिथे मी वाटीभर दूध मातीत ओतत होते. मावशी एकदा म्हणाल्या, ‘‘लेकराला घिऊन या की मॅडम. इथं काय कमी लेकरं हायती?’’

खरंच कमी नव्हती. तिसरीतली एक मुलगी रोज दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन यायची. आई-बाप कामाला जायचे, भाऊ हिच्याकडे. हजेरीपटावर नाव एकीचं, वर्गात येणारे दोघं. भाऊ रडला की ती उठून बाहेर जायची, आणि त्या दिवशीचा भागाकार तिचा राहून जायचा. तिची आणि माझी अडचण एकच होती, हे मला तिथे कळलं. मी नोकरीतली आई होते आणि ती नऊ वर्षांची आई.

एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक आली. जालन्यात 23 तारखेला मतदान होतं. माझ्याही नावाने कामाचा आदेश निघाला. बाळाचा जन्मदाखला जोडून अर्ज केल्यावर तो रद्द झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मी बाळाला शाळेत नेऊ लागले. व्हरांड्यात जुन्या साडीची झोळी बांधली, मावशी अधूनमधून झोका द्यायच्या, आणि तिसरीतल्या मुलीचा भाऊही तिथेच खेळायचा. ती मुलगी सलग दोन-दोन तास वर्गात बसायला लागली. मग एक साहेब भेटीला आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘हे बरोबर नाही मॅडम. प्रथा पडेल. उद्या सगळ्याच आणतील.’’

1 मेचं झेंडावंदन झालं, निकाल वाटले, सुट्टी लागली. जूनमध्ये मी बालसंगोपन रजेचा अर्ज दिला. ते परतणं सहा आठवड्यांचंच ठरलं.

‘सगळ्याच आणतील’ या वाक्याला उत्तर 1945 सालीच सुरू झालं होतं. ताराबाई त्या वर्षी बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला आणि 1975 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो देशभर नेला. पुढे कोसबाडला त्यांनी विकासवाडी चालवली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. कारण सरळ होतं. थोरली मुलगी शाळेत यायची असेल, तर तिच्या कडेवरचं भावंडंही कुठेतरी सांभाळलं गेलं पाहिजे. सगळ्याच आणतील, ही इथे भीती नव्हती. त्यांनी आणावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

आपल्या कायद्याने 2017 साली रजा 26 आठवड्यांची केली आणि पाळणाघराची सक्तीही आणली. दिवसातून चारदा आईने बाळाकडे जाऊन यावं, असंही त्यात आहे. पण ही सक्ती 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यांवरच्या लहान शाळा 50 च्या आकड्याजवळ कधीच पोहोचणार नाहीत. अंगणवाडीत शिकायला मूल घेतात ते तीन वर्षांचं झाल्यावर. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं बाळ यातल्या कुठल्याच दारात बसत नाही. 2022 पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. ताराबाईंनी ज्या कल्पनेवर काम केलं, तिच्या ती बरीच जवळ आहे.

आमच्या गावात शाळा आणि अंगणवाडी यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या एप्रिलमध्ये मी मोजलं होतं. माझ्या बाळासकट, थोरल्या बहिणीच्या किंवा आजीच्या भरवशावर असलेली तीन वर्षांखालची अकरा लेकरं होती. कायद्याने आमच्या शाळेचे कर्मचारी मोजले तर दोन भरतात. पाळणाघर कुठे हवं हे ठरवताना लेकरं मोजली, तर आमचं गाव यादीत पहिल्यांदाच येईल.