भंडारदऱ्याला नेमकं कधी जायचं? धबधबा, काजवे, शिखरं आणि तलावाच्या पाण्याचं वर्षभराचं गणित

जून जवळ आला की मोबाइलवर भंडारदरा दिसायला लागतो. छत्रीसारखा पसरलेला धबधबा, ढगांत हरवलेलं कळसूबाई, तलावाकाठचे तंबू आणि झाडांवर लुकलुकणारे काजवे. रील तीस सेकंदांचं असतं, त्यामुळे हे सगळं एकाच वीकेंडला बघायला मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात गेल्यावर मात्र धबधबा बंद असतो, शिखर धुक्यात असतं आणि काजवे आठवड्यापूर्वीच दिसेनासे झालेले असतात.

यात फसवणूक कुणीच केलेली नसते. ही चारही दृश्यं वर्षाच्या वेगवेगळ्या काळातली आहेत, इतकंच. शिवाय इथला तलाव म्हणजे शेतीसाठी बांधलेलं धरण आहे. त्यामुळे तुम्हाला काय दिसणार हे पावसाइतकंच पाणी कधी अडवलं आणि कधी सोडलं यावरही ठरतं.

आधी समजून घेऊ, तलाव कोणता आणि डोंगर कोणते?

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कण्यावर आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी शेंडी गावाजवळ अडवून इथे धरण बांधलं गेलं. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून धरणाला विल्सन डॅम म्हणतात आणि मागच्या तलावाला आर्थर लेक. साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण ११ टीएमसी.

तलावाभोवती शिखरांचं कडं आहे. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. तलावाच्या दुसऱ्या टोकाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वर मंदिर. शिवाय ट्रेकर मंडळींची परीक्षा घेणारे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले. हा बराचसा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

इथल्या गावांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे.

जून ते सप्टेंबर: एवढा पाऊस इथेच का?

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे ढग कोकण ओलांडून थेट सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन थडकतात. हवा वर चढते, थंड होते आणि पाणी खाली सोडते. तलावाच्या पश्चिमेचं घाटघर अगदी त्या भिंतीच्या काठावर आहे. त्यामुळे जोरदार पावसाच्या वर्षी तिथला आकडा ५,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. घाट ओलांडलेल्या ढगांत मग फारसं पाणी उरत नाही. म्हणूनच त्याच नदीकाठी पुढे असलेलं संगमनेर कमी पावसाच्या पट्ट्यात येतं. धरण बांधायला ही जागा का निवडली, याचं उत्तरही इथेच मिळतं.

जुलैमध्ये खाचरांत भाताची आवणी चालू असते आणि प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळत असतं. चांगल्या पावसाच्या वर्षी १५ ऑगस्टच्या आसपास धरण भरतं. भरल्यावर पाणी सोडावं लागतं आणि तेव्हाच रंधा धबधबा खऱ्या अर्थाने रौद्र होतो.

आता रीलमधल्या अंब्रेला फॉलबद्दल. धरणाच्या भिंतीतल्या व्हॉल्व्हमधून सोडलेलं पाणी खालच्या गोलसर खडकावर पडतं आणि छत्रीसारखं पसरतं. म्हणजे व्हॉल्व्ह बंद असेल तर छत्रीही मिटलेली. बाहेर धो-धो पाऊस असला तरी! निघण्याआधी विसर्ग सुरू आहे का, याची बातमी बघा किंवा शेंडीतल्या हॉटेलवाल्यांना फोन करा.

पावसाळ्यात दोन गोष्टी टाळायलाच हव्यात. पहिली, साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरणं. दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मध्ये चिंचोळी वाट अशी ही घळ आहे. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी याच वाटेने येतं आणि बाजूला व्हायला जागा नसते. दुसरी, शनिवार-रविवारी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर गर्दी करणं. ओल्या शिडीवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की तासन्‌तास रांग लागते. मधल्या वारी बारी गावातून पहाटे निघालात तर हाच ट्रेक कितीतरी सुखाचा होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर: फुलांचे थोडेच दिवस

पाऊस ओसरायला लागला की उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग चढतो. कारवी मात्र दरवर्षी फुलत नाही. तिचा सामूहिक बहर सात-आठ वर्षांतून एकदाच येतो. हा हंगाम काही आठवड्यांत आटोपतो. फोटोसाठी फुलांच्या गालिच्यात झोपू नका. चिरडलेल्या फुलाचं बी होत नाही आणि त्यातल्या बऱ्याच झाडांचं पुढचं वर्ष त्या बीवरच अवलंबून असतं.

नवरात्रात कळसूबाईच्या माथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला पंचक्रोशीतून लोक येतात. ट्रेकिंगचं ठिकाण म्हणून ज्याकडे आपण बघतो, ते इथल्या लोकांचं दैवत आहे, हे तेव्हा ठळकपणे दिसतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: शिखरं बघायची तर आत्ता

पावसाळ्यात शिखरं असतात, पण दिसत नाहीत. हिवाळ्यात हवा कोरडी आणि स्वच्छ होते. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेलं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात बसून बघितलं तर आजूबाजूचे किल्ले एकेक करून ओळखता येतात. पाणी पुरेसं उतरल्यावर स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन सांदण दरीही बघता येते.

तलाव अजून भरलेला असतो, त्यामुळे काठावरच्या तंबूंचा हा हंगाम. रात्री पारा चांगलाच खाली येतो, त्यामुळे उबदार कपडे न्याच. तंबू अधिकृत जागीच लावा. अभयारण्यात शेकोटी आणि मोठ्या आवाजातली गाणी, दोन्ही नकोत. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

मार्च ते मे: पाणी जातं कुठे?

उन्हाळ्यात गेलात तर काठावर मातीचे पट्टे दिसतात. एप्रिल-मेमध्ये तलाव इतका आकसतो, की पावसाळ्यातला फोटो याच जागेचा आहे यावर विश्वास बसत नाही. पाणी आटलं म्हणतात, पण त्यातला मोठा हिस्सा ठरवून खाली नेलेला असतो.

धरणातलं पाणी प्रवरेतून खालच्या निळवंडे धरणात आणि पुढे ओझरच्या बंधाऱ्यातून डाव्या-उजव्या कालव्यांत जातं. रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं मिळतात संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागाला. याच पाण्यावर तिथे ऊस वाढला आणि १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला देशातल्या सुरुवातीच्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक उभा राहिला.

वाटेकरी इथेच संपत नाहीत. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी मराठवाड्याच्या जायकवाडी धरणात जातं. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार, जायकवाडीत कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०१८ आणि २०२३ मध्ये असं पाणी सोडलं गेलं आणि दोन्ही वेळी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद पेटला.

या वादात एक आवाज क्वचितच ऐकू येतो. तो तलावाकाठच्या वाड्यांचा. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या भागांपैकी हा एक, तरी उन्हाळ्यात इथल्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर जातात. कारण इथला कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, तीव्र उतारावरून ते वाहून जातं आणि वाड्या तलावाच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत. वर उचलून आणायची सोय नसेल, तर समोर दिसणारं पाणी फक्त दिसतच राहतं. तेव्हा या दिवसांत जाताना पिण्याचं पाणी सोबत न्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी नळ जपून वापरा.

मे अखेर ते मध्य जून: काजवे

वळवाच्या सरी पडल्या की घाटघर, उडदावणे, पांजरे, मुतखेल, कोलटेंभे या गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री चमकू लागतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याची ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन थंड प्रकाश तयार होतो. हा प्रकाश म्हणजे नर आणि मादीने एकमेकांना घातलेली साद. आयुष्याचा मोठा काळ अळीच्या रूपात मातीत काढून प्रौढ काजव्याला हाती मिळतात ते मोजके दिवस. त्यात जोडीदार सापडला नाही तर पुढची पिढी नाही.

आता त्याच झाडाखाली हेडलाइट सुरू ठेवलेल्या पन्नास गाड्या आणि शंभर मोबाइलचे फ्लॅश आणून ठेवा. त्या उजेडात काजव्यांची साद एकमेकांना दिसतच नाही. अळ्या आणि अंडी असलेली जमीन पायांखाली तुडवली जाते ती वेगळीच. त्यामुळे गाडी गावातच लावा, टॉर्चवर लाल कागद बांधा, झाडाला हात लावू नका आणि पायवाट सोडू नका. वन विभाग प्रवेशाच्या वेळा आणि नियम जाहीर करतो, ते बघूनच निघा. गावातल्या तरुणाला वाटाड्या म्हणून घेतलंत तर त्याला चार पैसे मिळतात आणि तुम्हाला नेमकं झाड.

थोडक्यात, कधी काय?

काजवे: मे अखेर ते मध्य जून.
धबधबे: जुलै-ऑगस्ट. अंब्रेला फॉल मात्र विसर्गावर अवलंबून.
रानफुलं: सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात.
शिखरं, किल्ले, सांदण दरी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
गर्दी नको असेल तर: कोणत्याही महिन्यातला मंगळवार-बुधवार.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी इगतपुरी सोयीचं. तिथून घोटी, बारीमार्गे शेंडी.

आणि पुढच्या वेळी आर्थर लेकचा फोटो टाकाल तेव्हा त्यातल्या पाण्याची पातळीही बघा. ऑगस्टमध्ये त्यात पडलेला थेंब मार्चमध्ये श्रीरामपूरच्या उसात असू शकतो, किंवा पैठणला जायकवाडीत. तलावाला खेटून असलेल्या वाडीच्या हंड्यात तो असेल का, हे मात्र अजून खात्रीने सांगता येत नाही.